तीन वाजता कोण उठवतं?

पत्र : मी ७१ वर्षांची. इंदूरला रामबागेत राहते. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना रात्री बारापर्यंत वह्या तपासत बसायचे आणि सकाळच्या शाळेला उठणं जिवावर यायचं. गेली दोन वर्षं रात्री तीनला डोळे उघडतात आणि मग साडेपाचपर्यंत मिटत नाहीत. नऊला अंथरुणावर पडते, झोपही लगेच लागते, पण तीन वाजले की संपलं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटचे आठ महिने ते अंथरुणालाच खिळून होते, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला उठायचे. मुलगा अमेरिकेत असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने नळीत माझी थुंकी घेऊन डीएनए तपासणीला पाठवली. रिपोर्टमध्ये पूर्वज कुठले किती टक्के असं काहीबाही आलं आहे. त्यानंतर त्याने कुठेतरी वाचलं की म्हातारपणीची झोप पूर्वजांच्या वंशावर ठरते. म्हणाला, "आई, हे तुझ्या जीन्समध्येच आहे, मान्य करून टाक." जाऊबाई म्हणतात, कोकणस्थांना झोप कमीच. पण माझी सख्खी धाकटी बहीण ग्वाल्हेरला असते, ती सहापर्यंत ढाराढूर झोपते. रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी रात्री जेवणानंतर घेते. झोपेसाठी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून अर्धी गोळी आणते, दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात रात्री बाथरूममध्ये पाय घसरला, भिंत धरली म्हणून वाचले. नात म्हणते, आजी तू घोरतेस. दुपारी तास-दीड तास डोळा लागतो. खरंच रक्तातच असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मी झगडणं सोडून देईन.
— झोप हरवलेली, रामबाग

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर त्या टक्क्यांवर गेली. दुसऱ्यांदा मात्र आठ महिन्यांच्या त्या एका वाक्यापाशी थबकले. तुम्ही ते घाईघाईत लिहून पुढे गेला आहात. मी त्याकडे परत येणार आहे. पण आधी मुलाच्या बोलण्याचा निकाल लावू, कारण तुम्ही जन्मभर मुलांना 'कशावरून?' असं विचारायला शिकवलंत. नुसतं 'काळजी करू नका' म्हटलं तर तुमचं समाधान व्हायचं नाही.

मुलगा मनाचं काही बोललेला नाही. तसा अभ्यास खरोखर झालेला आहे. तो २०१५ साली झोपेवरच्या संशोधनाच्या 'स्लीप' या मासिकात आला. त्यात अमेरिकेतले ७० कृष्णवर्णीय आणि १०१ गोरे होते, सगळे सरासरी साठीच्या आसपासचे. रात्री त्यांच्या घरीच डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवल्या. कृष्णवर्णीयांच्या डीएनएतल्या १,६९८ खुणा तपासून प्रत्येकात आफ्रिकी पूर्वजांचा वाटा किती, तेही काढलं. तो कुणात १० टक्के निघाला, कुणात ८८, सरासरी ६७. ज्यांचा वाटा जास्त, त्यांच्यात सगळ्यात गाढ झोप, म्हणजे मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात ती अवस्था, कमी दिसली.

इथवर मुलाचं बरोबर. आता पुढचं बघा. गाढ झोपेचं प्रमाण माणसामाणसांत जे कमी-जास्त असतं, त्यातला ११ टक्के फरक या वंशाच्या वाट्याशी जुळला. तुमच्या भाषेत सांगायचं तर, वर्गात कुणाला ४० गुण पडले, कुणाला ९०. या चढउताराला शंभर धरलं आणि त्यातले अकरा एका कारणाकडे बोट दाखवत असले, तर उरलेल्या एकोणनव्वदांचं कारण दुसरीकडेच शोधायला हवं ना? एकाच कारणावरून पोरांचा निकाल तुम्ही कधी लावला नसता.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एकूण किती तास झोप झाली आणि अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोप किती, या दोन्हींचा आफ्रिकी वाट्याशी त्या अभ्यासात काहीच संबंध दिसला नाही. आणि तुमचं दुखणं काय? नऊ ते साडेपाच, साडेआठ तास अंथरुणात आणि त्यातले अडीच तास जागरणात. म्हणजे तुमच्या तक्रारीच्या बाबतीत त्या अभ्यासातसुद्धा वंशाने काही सांगितलं नाही.

शिवाय तो अभ्यास तिथेच शक्य होता. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळापासून आफ्रिकी आणि युरोपीय पूर्वजांची सरमिसळ गेल्या काही शतकांत झाली. म्हणून दोन शेजाऱ्यांतसुद्धा वाटा दहापासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत बदलतो आणि तुलना करता येते. आपली सरमिसळ फार जुनी. उपखंडातले दोन मोठे पूर्वजसमूह, एक उत्तरेकडचा आणि एक दक्षिणेकडचा, हे सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भरपूर मिसळले आणि मग जातीजातींतली लग्नं बंद झाली, असं २०१३ सालच्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. वर-खाली प्रमाण असेल, पण ही मिसळ आपल्या जवळजवळ सगळ्यांत आहे. जाऊबाईंना हे अवश्य सांगा. झोपेला जात नसते.

तुमच्या रिपोर्टमधले टक्केही तुमच्या पूर्वजांची जनगणना केल्यासारखे घेऊ नका. कंपनीकडे जगभरच्या काही समूहांचे नमुने असतात. तुमचा डीएनए त्यांच्याशी ताडून, कोणता तुकडा कुणाशी जास्त जुळतो, याचा तो अंदाज असतो. पुढच्या वर्षी त्यांनी नमुने वाढवले की तुमची थुंकी तीच राहून टक्के बदलतील. अशा कागदावरून कुणाला रात्री जाग का येते, ते निघत नाही.

या सगळ्याचं तुमचं उत्तर तर तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. ग्वाल्हेरची बहीण. आई तीच, वडील तेच. दोघींचा डीएनए तंतोतंत एक नसतो हे खरं, पण पूर्वजांचे टक्के काढले तर सख्ख्या बहिणींचे जवळजवळ सारखेच येतील. मग ती सहापर्यंत झोपते आणि तुम्ही तीनला उठता, हे वंशाच्या खात्यावर कसं मांडणार?

अनुवंशाला मी उडवून लावत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या झोपेच्या फरकाचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग जन्मजात असू शकतो. काही घराण्यांत तर तो ढळढळीत असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात अशी एक कुटुंबशाखा सापडली. त्यातली माणसं संध्याकाळी साडेसातला झोपत आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होत. २००१ साली त्यांच्यात पी-ई-आर-२ नावाच्या जनुकातला बदल सापडला. शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या जनुकांपैकी ते एक. पण ती माणसं तरुणपणापासून तशी असतात. तुम्ही लिहिलं आहे की नोकरीत असताना बारापर्यंत वह्या तपासत बसायचात आणि सकाळच्या शाळेला उठणं जिवावर यायचं. तसलं जनुक असतं तर वह्यांवरच मान टाकली असतीत.

'रक्तातच आहे' असं म्हणताना रक्ताबरोबर घरही येतं, हे आपण विसरतो. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत होते. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या. रातपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी यायचे, आई खिडकीला काळी चादर लावायची आणि आम्ही चौघं भावंडं दुपारी तीनपर्यंत कुजबुजत बोलायचो. परातीचा आवाज होऊ नये म्हणून आई कणीक मळायला मागच्या ओट्यावर बसायची. पुढे गिरणी बंद पडली. वडील त्यानंतर सतरा वर्षं जगले. त्या सतरा वर्षांत मी त्यांना रात्री सलग चार तास झोपलेलं पाहिलं नाही. भोंगा थांबला होता, पण त्यांच्या आत तो वाजत राहिला. माझ्या भावालाही झोप कमी. लोक म्हणतात, बापावर गेलाय. मला दिसते ती काळी चादर आणि कुजबुजणारं घर.

अमेरिकेतही हेच आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांची झोप गोऱ्यांपेक्षा कमी आणि तुटक असते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. त्यामागे गोंगाटाच्या वस्त्या, रातपाळ्या, पैशाची ओढाताण आणि भेदभाव सोसत जगण्याचा ताण यांचा मोठा हात आहे. २०१५ च्या अभ्यासानेही वंशाकडे एका भागाचं कारण म्हणूनच पाहिलं आहे, सगळ्याचं नाही.

आता ते आठ महिने.

तुम्ही म्हणता, दोन वर्षांपासून तीनला जाग येते. आणि ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पत्रात ही दोन वाक्यं अगदी जवळजवळ आहेत, पण तुम्ही त्यांचा संबंध जोडलेला नाही. आठ महिने दर दोन तासांनी उठायचं म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, ओलं असेल तर चादर बदलायची, श्वास नीट चालला आहे ना ते पाहायचं. आठ महिन्यांच्या सुमारे दोनशे चाळीस रात्री. तुमच्या शरीराने हे शिकून घेतलं. तुम्ही मुलांकडून पाढे पाठ करून घ्यायचात, तसं रात्रीने तुमच्याकडून हे पाठ करून घेतलं. आज ज्यांच्यासाठी उठायचं ते नाहीत, पण पाठ केलेलं विसरलं गेलेलं नाही.

मला आठवतो तो टांझानियातल्या हाड्झा लोकांवरचा २०१७ सालचा अभ्यास. हे शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे लोक. एकत्र मुक्कामाला असलेल्या ३३ प्रौढांच्या मनगटाला २० दिवस हालचाल मोजणारं यंत्र लावलं. त्या सगळ्या रात्री धरून, सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले असे किती क्षण असतील? अवघी अठरा मिनिटं. बाकी सतत कुणी ना कुणी जागं असे. त्यातही वयस्कर माणसं लवकर झोपत आणि लवकर उठत, तरुण उशिरा. अभ्यासकांनी मांडलं की म्हाताऱ्यांची ही हलकी, लवकर उठणारी झोप एके काळी वस्तीची राखण करत असावी. मला ही कल्पना फार जवळची वाटते. तुम्ही तुमच्या घराची राखण केलीत. ती जाग सेवेतून आलेली आहे. तिला आजार म्हणून हिणवू नका. पण आता तिला सुट्टी द्यायला हवी.

ती कशी द्यायची ते सांगते. यात गोळी नाही, पण गोळीहून चिवटपणा लागतो. अनिद्रेसाठी वागणूक आणि विचार बदलण्याची जी उपचारपद्धती आहे, तीच आधी द्यावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली मार्गदर्शनात सांगितलं, आणि ते मोठ्या वयालाही लागू आहे.

एक जुनी शाळेची वही घ्या. रोज सकाळी चहाआधी तीन गोष्टी लिहा : किती वाजता अंथरुणात गेलात, अंदाजे किती तास झोप झाली, कधी उठलात. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ काढा किंवा उलटं करून ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तीन वाजले हे तुम्हाला घड्याळच सांगतं, आणि 'झालं, आता झोप नाही' हा निकालही तेच ऐकवतं. असं दोन आठवडे.

तुमच्या पत्रावरून माझा हिशोब असा की रात्री प्रत्यक्ष झोप सहा तासांच्या आसपास होते. साठीनंतर एकूण झोप फारशी घटत नाही, असं मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं आहे. घटतं ते अंथरुणातल्या वेळात झोपेचं प्रमाण. साडेआठ तास अंथरुणात राहून सहा तास झोप म्हणजे दूध तेवढंच, पाणी घालून वाढवलेलं. म्हणून अंथरुणातला वेळच कमी करायचा. रात्री साडेअकराला आडवं व्हायचं आणि साडेपाचला उठायचं, रविवार असो की एकादशी. पहिले दहा-बारा दिवस डोळे जड होतील. ते सोसावं लागेल. त्या दिवसांत रात्रीच्या हालचालींत फार सांभाळा, बाथरूमपर्यंत पायांशी मंद दिवा ठेवा, स्कूटी चालवू नका. आठवड्याची वही बघा. अंथरुणातल्या वेळापैकी शंभरातले पंच्याऐंशी मिनिटं झोप होऊ लागली की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या. मग पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. फिट येण्याचा किंवा मनाचा कधी मोठा आजार झाला असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप येत नाही असं वाटलं, तर उठा. बैठकीतल्या खुर्चीत बसा. मंद दिव्यात काही जुनं वाचा, लोकरीचं विणकाम करा, जप करा. बातम्या नको, मुलाशी व्हिडिओ कॉल तर मुळीच नको. तिकडे तेव्हा दुपार किंवा संध्याकाळ असते, म्हणून तीनला उठून त्याच्याशी बोलायची सवय लागली असेल, असा मला दाट संशय आहे. पापण्या मिटायला लागल्या की परत अंथरुणात. अंथरूण हे फक्त झोपेचं, हे शरीराला पुन्हा शिकवायचं आहे. खुर्चीत बसल्यावर ह्यांची आठवण आली तर येऊ द्या, रडू आलं तर रडा. दिवसा तुम्ही सगळ्यांसमोर खंबीर असता, मग दुःख रात्रीच वाट काढणार. पण दिवसभर मन कशातच लागत नसेल, खाण्याची चव गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन चोवीस तास फुकट आहे.

दुपारची झोप जेवणानंतर वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. चहा चारनंतर नको. संध्याकाळचा चहा सोडणं तुम्हाला झोपेपेक्षा अवघड जाईल, हे मला माहीत आहे. त्याऐवजी साडेपाचला बाहेर पडा. उजेडाचं सांगते. डोळ्यांतलं भिंग वयाने पिवळसर होतं, आत उजेड कमी पोचतो आणि शरीराचं घड्याळ पुढे धावू लागतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात. लवकर झोपून लवकर उठणाऱ्यांना संध्याकाळचा उजेड लागतो, पहाटेचा नाही. म्हणून पहाटे चारला सगळे दिवे लावून कामाला लागू नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावरून चालतं आणि इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे सव्वीस मिनिटं मागे असतो. संध्याकाळ आपल्याला तेवढी लांब मिळते. ती घरात बसून घालवू नका. उन्हाळ्यात साडेसहाला राजवाड्यापर्यंत चालत गेलात तरी चांगला उजेड असतो. साडेअकरापर्यंत जागं राहणं जड वाटेल त्या रात्री घरात रेंगाळू नका. मैत्रिणीला घेऊन सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात चक्कर मारा, तिथले तळलेले गराडू खायलाच हवेत असं नाही. आणि रात्री खिडकी उघडी ठेवा. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, हा शब्द आपल्या गार रात्रींमुळेच झाला आहे. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं. ते काम मालवा फुकट करतो.

लघवीची गोळी रात्री का घेता? ती घेतल्यावर पुढचे काही तास लघवीला लागणारच. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून वेळ बदलू नका. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडा. ते पाणी दिवसाच उतरेल, नाहीतर आडवं झाल्यावर रात्री उतरतं आणि उठवतं. साखर आणि थायरॉइड तपासा. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही असं होत असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, पण तपासायला सांगा.

आता त्या अर्ध्या गोळीवर मला स्पष्ट बोलायचं आहे. दुकानदार ती 'हलकी आहे' म्हणून देतो. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्याच नसतात. साठी-पासष्टीनंतर त्या देऊ नयेत असं वृद्धांच्या औषधांच्या यादीत दशकानुदशकं लिहिलेलं आहे, कारण त्यांनी तोल जातो, स्मृती मंदावते आणि माणूस पडतो. तुमचा पाय घसरला तो फरशी ओली होती म्हणून असेलही, पण त्या वेळी तुमच्या रक्तात ती गोळी होती. मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळजणींच्या उशाला हीच पट्टी सापडली. मात्र आज रागाने ती गटारात फेकू नका. दोन वर्षांची गोळी एकदम थांबवली तर झोप आणखी बिघडते, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. पट्टी घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि आठवड्या-पंधरवड्यांनी थोडी थोडी कमी करत आणायचा कागद त्यांच्याकडून लिहून घ्या.

नात म्हणते, आजी घोरतेस. हे मी शेवटी लिहिते आहे, पण हलकं नाही. घोरण्यात मधूनच श्वास थांबत असेल तर तो स्लीप ॲप्निया असतो आणि वय वाढतं, पाळी जाते, तसा बायकांतही तो वाढतो. रक्तदाबाशीही त्याचं जवळचं नातं आहे. इथे तुमच्या मुलाचा वंशाचा मुद्दा उपयोगी पडतो. आशियाई माणसांत हा त्रास कमी वजनातही दिसतो, त्यात जबड्याच्या ठेवणीचाही भाग असतो. धोक्याची रेषाही आपल्यासाठी अलीकडे आहे : जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. तुम्ही किती बारीक आहात ते पत्रात नाही, पण 'मी जाड नाही, मला कसा असेल?' असं म्हणून तो सोडू नका. पूर्वजांची माहिती अशी कामी यायला हवी, कोणती तपासणी आधी करायची ते ठरवायला. नातीला एका रात्री तुमच्या शेजारी झोपवा. तिच्या मोबाईलवर घोरणं रेकॉर्ड करून घ्या. श्वास अडकून मग फुर्रकन सुटतो का, ते ऐका. सकाळी तोंड कोरडं पडतं का, डोकं जड असतं का, हेही सांगा. रात्रीच्या श्वासाची तपासणी इंदुरात होते, काही ठिकाणी घरी यंत्र देऊनही करतात.

मुलाला हे सगळं कळवा. त्याचा रिपोर्ट फाडू नका, त्याने तो काळजीपोटीच करून घेतला. पण 'मान्य करून टाक' हे त्याचं वाक्य मला मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नका. त्याला म्हणावं, आठवड्यातून एकदा फोन कर, पण इथल्या संध्याकाळी सातला, मी बागेत फिरून आले की.

पहिले दोन आठवडे नुसती वही लिहा, झोपायची-उठायची वेळ बदलू नका. तिसऱ्या सोमवारपासून साडेअकरा. महिन्याने वहीची पानं मला पाठवा, मी बसून वाचेन. आणि ग्वाल्हेरच्या बहिणीला एक विचारा : तिकडे सहा महिने कुणाची सेवा केली आहे का तिने, आणि केली असेल तर त्यानंतर ती कशी झोपली.